जोंधळ्याच्या शिवा

राजेश्वर, तालुका कल्याणी, जिल्हा बिदर
२० ऑगस्ट १९५३, गुरुवार

चि. मल्लम्मा हिला अण्णाचा आशीर्वाद. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या माणिकप्पा दाजींना हात जोडून शरणार्थी. बसवेश्वरांच्या कृपेनं इथं सगळे बरे आहेत. पंचमीपर्यंत पावसानं ओढ दिली होती, आता मूग हाती लागेल असं दिसतं. तांबडी गाय व्याली. अक्कलकोटकडं पाऊस कसा आहे ते कळव.

सोमवारी सकाळी मी कडब्याच्या गंजीमागं लपून बसलो होतो. तू हसशील म्हणून आधी तेच सांगतो. लिंगपूजा नुकतीच उरकली होती, कपाळावरची विभूती वाळलीसुद्धा नव्हती. ओट्यावर आलो तर वेशीकडून एक माणूस येताना दिसला. खाकी पँट, डोक्यावर टोपी, काखेत कागदांची सुरळी. दारोदार थांबून तो विचारत होता, "पदं करणारे जगदेवप्पा कुठं राहतात?" आपलं नाव परक्याच्या तोंडून कानावर आलं आणि माझे पायच मला मागच्या दारी घेऊन गेले. गंजीआड बसलो तेव्हा कळलं, एक वहाण ओट्यावरच राहिली होती.

किती वेळ बसलो सांगता येणार नाही. मनात षडक्षरी मंत्र जपायला गेलो तर चौथ्या अक्षरापुढं आठवेना. शेवटी तुझी वहिनी वहाण हातात घेऊनच आली. म्हणाली, "कंपनीचा मानूस च्या पिऊन बसलाय, आन् तुमी कामून उंदरावानी कडब्यात शिरलाव? चाळिशी उलटली की वो."

"पोलिसाचा अमीन न्हाई नव्हं?" मी विचारलं.

"कुटला अमीन? रझाकारांचं राज जाऊन पाच वर्सं झाली," रत्नम्मा म्हणाली, आणि माझ्या डोक्यातला कडबा झटकायला लागली.

तो माणूस म्हणजे सोमशेखर. तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी गावोगावचे गाणारे शोधत फिरतो. सोलापुरात एका बंद थेटरात त्यांनी यंत्र मांडलंय. हुमनाबादच्या जत्रेत त्यानं बायकांच्या तोंडून आपलं कणगीचं पद ऐकलं, आणि विचारत विचारत इथवर आला. त्याला 'राजेश्वरची जोडी' पाहिजे. भाऊ आणि बहीण, एक ओळ याची, एक तिची, जशी आपण म्हणत होतो तशीच. एका बाजूला मराठी पद, दुसऱ्या बाजूला कन्नड. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यायचं आहे.

मल्ली, गंजीआडून उठल्यापासून मला सगळं आठवायला लागलंय. तू आठ वर्षांची आणि मी सोळाचा असताना कलबुर्गीच्या रथापुढं म्हटलेलं ते पहिलं पद. आप्पांनी तुला खांद्यावर बसवलं होतं, म्हणून तुझा आवाज माझ्या डोक्यावरून पुढं जायचा. मग वीस-बावीस वर्षं जत्रा, पुराणं, लग्नाचे मांडव. तुला गावातच दिलं म्हणून जोडी मोडली नाही, उलट दाजींची दिमडी मिळाली. तू जात्यावर बसायचीस आणि मी उंबऱ्यावर वही घेऊन. तू दळता दळता ओळ टाकायचीस, मी लिहून घ्यायचो. एखादा शब्द मी सुधारला की तू जातं थांबवायचीस. "ओळ मोडलास की रं अण्णा," एवढंच म्हणायचीस, आणि ओळ खरोखर मोडलेली असायची.

तू येशील का? गाडीभाडं कंपनी देणार आहे. दाजींनी दिमडीसाठी यावं असं म्हणवत नाही. त्यांच्या हाताचं मला ठाऊक आहे.

पंचमीला तुझी नणंद सिद्धव्वा येऊन गेली. दाजींच्या घराची झाडलोट ती अजून रोज करते, तुमच्या देवापुढं दिवा लावते. मला विचारलं, "माज्या भावाचा काई सांगावा?" मी नाही म्हटलं. ती उगीच थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. त्याविषयी आणखी काय लिहू.

उत्तर लवकर पाठव. जीव थाऱ्यावर नाही.

तुझा
अण्णा

•

राजेश्वर
६ सप्टेंबर १९५३, रविवार

चि. मल्लम्मा हिला आशीर्वाद. दाजींना शरणार्थी.

दाजींच्या डाव्या हातानं लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. अक्षरं वाकडी आहेत, पण बोलणं तुझंच, सरळ. तू लिहवलंस, "मी येत न्हाई. सिद्धव्वानं आडावर तोंड उघडलं नसतं तर ह्यांचा हात आज धड असता. ती ज्या गावात हाय त्या गावच्या नावाची जोडी मला नको. तू एकटा म्हण. शाल बी तूच घेतलास."

हे पत्र आल्याला नऊ दिवस झाले. रोज सकाळी पूजेला बसतो, लिंग तळहातावर घेतो आणि तुझ्या ओळी आठवतात. काल ते हातातून निसटता निसटता राहिलं. त्यानंतर मला जेवण गेलं नाही. म्हणून आज लिहितो. दाजी, मी जे लिहीन ते तुम्हालाच वाचावं लागणार आहे, तेही तिच्यासमोर, मोठ्यानं. मला माफ करा, पण मध्ये थांबू नका.

आधी शालीचं. सव्वीस जानेवारीला, पन्नास साली, कल्याणीला सभा झाली. रझाकारांच्या काळात लेव्हीच्या सक्तीच्या धान्यवसुलीवर निर्भय पद रचणारा कवी म्हणून मला शाल आणि नारळ दिला. त्यांनी विचारलं, "पद तुमचंच ना?" मी मान हलवली. ती शाल पेटीच्या तळाशी आहे. तिची घडी मोडलेली नाही. थंडीत रत्नम्मा म्हणते, पांघरा की. मला तिची भीती वाटते.

आता अंकिताचं. आपल्याकडं पद अंकिताशिवाय पुरं होत नाही. शेवटच्या ओळीत करणाऱ्याची खूण नसेल तर ते बेवारशी. मला माझं अंकित मठात अय्यांनी दिलं, आणि तुझ्या प्रत्येक पदाच्या शेवटी मी तेच लावत आलो, 'जगदेव म्हणे'. पण तू बारा वर्षांची असताना एक पद केलं होतंस, त्याच्या शेवटी तू स्वतःचं अंकित घातलं होतंस. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. 'जोंधळ्याच्या शिवा'. मी ते खोडलं. म्हटलं, लोक हसतील. तू पीठ भरायला लागलीस. आठशे वर्षांपूर्वी आपल्या शरणी बायका स्वतःच्या अंकितानं देवाशी बोलल्या, हे मला ठाऊक असून मी खोडलं. त्या वहीत ती रेघ अजून आहे. त्यानंतर कणगीच्या पदात तू पुन्हा एकदाच ते अंकित म्हटलंस. तेव्हाही मी माझंच लिहिलं.

आता त्या सकाळचं.

अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. लेव्हीची माणसं घरोघर कणग्या मोजत होती. तुझं पद तोवर दहा गावांत गेलं होतं.

कणगीत उंदीर शिरला गं, मापं घेऊन बसला गं,
पेरताना न्हाई दिसला गं, खाताना मालक झाला गं.

आणि शेवटी,

मूठभर बी मी झाकलंय, कुठं ते सांगत न्हाई,
तूच राखण कर आता, जगदेव म्हणे शिवा.

अंकित माझं, म्हणून बोलावणं मला आलं. चावडीत अमीन बसला होता, दाराशी चार रझाकार. त्याच्याकडं ते पद उर्दूत उतरवून आणलेलं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "जगदेव तूच क्या?"

"जी साब."

"ये गाना तेरा?"

कुणी माझ्या अंगाला हात लावला नव्हता, मल्ली. कुणी आवाज चढवला नव्हता. बाहेर कुणाची तरी बैलगाडी करकरत चालली होती, ती ऐकत मी म्हणालो, "गाना मेरा नहीं साब. मैं खाली लिखताऊं, बस. बहन बनाती."

तो हसला. "नाम तेरा, और गाना औरत का?" मग त्यानं तुझं घर विचारलं. मी बोटानं दाखवलं.

वीस वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो ते असं, त्या माणसासमोर.

ते तुमच्याकडं गेले तेव्हा तू खळ्यावर होतीस. म्हणून त्यांनी दाजींना नेलं. चार दिवसांनी दाजी परत आले, उजव्या हाताची दोन बोटं ठेचलेली. त्याच दिवशी तुम्ही सीमेपलीकडं अक्कलकोटला निघून गेलात. मी वेशीपर्यंत तुमचं गाठोडं धरून आलो होतो. तू म्हणालीस, "आपल्यातल्याच कुनी तरी सांगितलं असनार." मी गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

सिद्धव्वा आडावर एवढंच म्हणाली होती, "आमच्या भावजयीचं पद हाय ते." कौतुकानं म्हणाली होती. ते कुणाकडं पोचलंसुद्धा नव्हतं. पण तिला वाटतं, आपल्यामुळंच भावाचा हात गेला. सहा पंचम्या ती बोलावण्याची वाट बघते आणि बोलावणं येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देते. माझ्या देखत रडली आहे. मी तिला पाणी दिलं, पण खरं सांगितलं नाही.

मला कशाची भीती वाटते ते आता लपवत नाही. खाकी पँटची नाही. हे वाचून झाल्यावर तू जे गप्प बसशील, त्याची.

जगदेवप्पा

•

राजेश्वर
१ ऑक्टोबर १९५३, गुरुवार

श्री. माणिकप्पा दाजी यांना जगदेवप्पाचे शरणार्थी.

हे पत्र तुम्हाला एकट्याला आहे. मोठ्यानं वाचायचं की मनात, ते तुम्ही ठरवा.

सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी. "पत्र पोचलं. तिला वाचलो न्हाई. मला ठाऊक होतं, अमीनच बोलला होता. माझा हात गेला तो गेला, तिचा भाऊ तरी ऱ्हाऊ द्या, पुना लिहू नका." मी ते गाडीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं. सुटलो असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी सोलापूर येईपर्यंत तुमची जुनी पत्रं आठवत बसलो. तुम्ही पाच वर्षं माझ्याशी नीट बोललात, दिवाळीला पत्र पाठवलंत, आणि सगळं ठाऊक असून. तुमच्या बायकोला भाऊ राहावा म्हणून तुम्ही तुमची बहीण घालवलीत, दाजी. मी तुम्हाला बोल लावत नाही. माझी तेवढी पायरी नाही. पण आपण दोघा पुरुषांनी मिळून एका विधवेच्या डोक्यावर हे ठेवलं, हे खरं.

थेटरात भिंतींना गाद्या बांधल्या होत्या. मध्ये खांबावर ते ऐकण्याचं यंत्र, आणि दाराच्या वर तांबडा दिवा. सोमशेखर म्हणाला, दिवा लागला की म्हणायला लागा. एकटाच आलेला पाहून त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "इथली एक मुलगी आहे, गळा गोड आहे. बहिणीच्या ओळी ती म्हणेल. तबकडीवर 'राजेश्वरची जोडी'च छापू. आवाजाला कुठं तोंड असतं?"

मी नाही म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण म्हटलं.

एकट्यानं पद म्हणून दाखवलं तर ते लांबलं. तबकडीवर तीनच मिनिटं मावतात. त्यानं घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "शेवटचं कडवं सोडा. अंकिताचं. शहरात कुणी ऐकत नाही ते."

दाजी, त्या वेळी मला चावडी आठवली. तो अमीनसुद्धा असाच साधेपणानं बोलत होता. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं, आणि पद माझंच राहिलं असतं. मी विचारलं, "पहिलं नमनाचं कडवं काढलं तर बसतं का?" त्यानं पुन्हा घड्याळ लावलं. बसत होतं. त्या अख्ख्या पदात तेवढं एकच कडवं मी केलेलं आहे.

तांबडा दिवा लागला. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदाही चुकलो, आणि तबकडीचं मेण वाया जातं म्हणून यंत्रावरचा माणूस कुरकुरला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून मल्लीचं जातं ऐकलं आणि म्हटलं. शेवटची ओळ तिनं केली तशी म्हटली. 'तूच राखण कर आता, जोंधळ्याच्या शिवा.' कागदावर 'गीत' म्हणून लिहिलं होतं तिथं तिचं नाव घालून सही केली. दुसऱ्या बाजूच्या कन्नड पदालाही तसंच.

तुम्ही लिहू नका म्हणालात म्हणून पुन्हा लिहिलं नाही. परतीच्या वाटेवर अक्कलकोटला उतरलो. स्टँडवरून तुमचं घर किती लांब आहे? मला दोनदा वाटेत बसावं लागलं. तुम्ही बाजाराला गेला होता. ती चुलीपुढं भाकऱ्या करत होती. मला बघून पुढं झाली, हात पिठाचे, तशीच पाया पडली. म्हणाली, "वाळलास की रं अण्णा. बस. तव्यावरची भाकर देते."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, दाजी. चावडी, अमीन, बोटानं दाखवलेलं घर. तुम्हाला ठाऊक होतं हे मात्र सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं.

ती थापतच राहिली. एक भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगेपर्यंत काही बोलली नाही. त्या गप्प बसण्याला मी भीत होतो, आणि ते मला वाटलं होतं त्याहून लांब होतं.

मग न बघताच विचारलं, "तबकडीत अंकित काय लावलास?"

"तुझं," मी म्हणालो.

"माजं कुटलं?"

मी सांगितलं. तिचा हात परातीत थांबला. आठवत होतं तिला.

"एवडं पद तीन मिंटांत मावलं कसं? कुटलं कडवं काढलास?"

"नमनाचं. माझं."

"ते बी बरं नव्हतंच," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. ती दोन्हींकडं बघत नव्हती. भाकरी उतरवून ताटात ठेवली, शेजारी ठेचा ठेवला, आणि ताट माझ्याकडं सरकवता सरकवता मध्येच हात आवरला.

"सिद्धव्वाला सांगितलायस?"

"न्हाई अजून."

"मग हितं जेवू नको," ती म्हणाली. "जा. आदी तिला सांग, मग जेवायला ये." ताट तिनं पुन्हा चुलीजवळ नेऊन झाकून ठेवलं. दारापर्यंत पोचवायला आली नाही. मी आळंदच्या मोटारीत बसलो तेव्हा भुकेपेक्षा आडाचीच आठवण येत होती.

गावात येऊन दोन दिवस सांगवलं नाही, हेही कबूल करतो. सिद्धव्वा तुमच्या ओट्यावर शेण सारवताना दिसली की मी वाट बदलायचो. चावडीत दारात चार बंदूकवाले होते. इथं सारवणानं हात भरलेली एक बाई, आणि मला तिचीच जास्त भीती.

आज सकाळी पूजा झाली. लिंग हातात स्थिर राहिलं, तेव्हा उठलो तो थेट आडावर गेलो. चारपाच बायका होत्या. त्या जाईपर्यंत थांबावं असं वाटलं होतं. पण तिनं जे कौतुकाचं बोलणं केलं ते बायकांसमोर केलं होतं, तर हेही त्यांच्यासमोरच व्हावं. म्हणालो, "सिद्धव्वा, तुझ्या भावाचा हात तुझ्यामुळं न्हाई गेला. नाव मी सांगितलं होतं. घर मी दाखवलं होतं."

तिनं घागर खाली ठेवली. माझ्याकडं बघत राहिली, जणू मी कुणी दुसरा होतो. एक बाई थुंकली. सिद्धव्वा शिवी देईल म्हणून मी वाट बघत उभा होतो. तिनं फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी मला जाता येतंय का आता?"

"कुठं?"

"माज्या भावाकडं."

मी तिला दुपारच्या मोटारीची वेळ सांगितली.

म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तिच्याच हाती देतो. दुपारच्या मोटारीनं ती निघेल, उद्या तुमच्या दारात उभी राहील. तिला वाचता येत नाही. तिच्यासमोर हे वाचाल तेव्हा आवाज मल्लीच्या चुलीपर्यंत न्यायचा की नाही ते तुम्ही बघा. तिच्यासोबत ती पदांची जुनी वही देतोय. सगळी अंकितं मी दुरुस्त केली आहेत, आणि जिथं रेघ ओढली होती तिथं मल्लीच्या ओळी पुन्हा लिहिल्या आहेत. वही मल्लीची आहे. तिला द्या. त्या झाकलेल्या ताटाचं मी काही विचारत नाही.

फक्त लिहून घेणारा,
जगदेवप्पा